कवितेच्या तासाचं विमान

माझी आत्या बोलता बोलता मध्येच थांबते. नवीन माणसाला वाटतं, वय झालं, बाईंना पुढचं आठवेना. तसं काही नसतं. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झालेली असते, नाहीतर खालून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत चाललेली असते. आत्या उजवा हात वर करते, तळवा समोरच्याकडे, चौकातल्या ट्रॅफिक पोलिसासारखा, आणि आवाज संपेपर्यंत तशीच राहते. आवाज संपला की हात खाली येतो आणि वाक्य जिथं तुटलं होतं, त्याच शब्दापासून पुढं सुरू होतं. समोरच्याला मात्र तोवर आपण काय विचारलं होतं तेही आठवत नसतं.

ही सवय तिला नोकरीनं लावली. ती मराठीची शिक्षिका होती, आणि तिची शाळा होती लोहगावच्या वाटेवर, हवाईदलाच्या धावपट्टीच्या अगदी समोर. बैठी, लांबलचक, पत्र्याच्या छपराची. लढाऊ विमानं जाताना आणि येताना तिच्याच डोक्यावरून जायची. आधी लांब कुठंतरी गुरगुर, मग पत्रे थरथरायचे, टेबलावरचे खडू नाचत नाचत कडेला यायचे, आणि मग थोडा वेळ जगात दुसरा आवाजच उरायचा नाही. पोरं कानांत बोटं घालायची. आत्या हात वर करून उभी. विमान गेलं की कविता पुढं.

"आणि यायचं नेमकं कवितेच्या तासाला," ती अजून तक्रार करते. "गणिताच्या तासाला आलं असेल तर शपथ."

एकदा शिक्षण खात्यातले एक साहेब वर्ग तपासायला आले होते. त्यांनी मुलांना काहीतरी समजावून सांगायला घेतलं आणि वर विमान आलं. साहेबांना इथली रीत माहीत नव्हती, ते बोलतच राहिले. ओठ हलतायत, हातवारे चाललेत, ऐकू एक अक्षर येत नाही. विमान गेल्यावर त्यांनी विचारलं, "समजलं?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "होऽऽ!" साहेबांनी शेरा उत्तम दिला. आत्या म्हणते, विमानानं तिच्यासाठी केलेलं चांगलं काम एवढंच.

आत्यानं लग्न केलं नाही. आमच्या घरातली शिकून नोकरीला लागलेली ती पहिली बाई, आणि आपल्यामागून तिनं माझ्या वडिलांना आणि काकांना शिकायला लावलं. आता ती बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत, आमच्या खालच्या मजल्यावर एकटी राहते. तिच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे असते, पण बेल न वाजवता आत गेलेलं तिला चालत नाही. रात्रीचं जेवण मात्र आमच्याकडे.

अशाच एका जेवणाच्या वेळी माझ्या लेकीनं मोबाइलवरून बातमी वाचून दाखवली. लोहगावच्या त्या धावपट्टीच्या कडेला एक जुना हँगर होता, म्हणजे विमानं ठेवायची भलीमोठी शेड. तिथं आता विमानांचं संग्रहालय झालं होतं आणि शनिवारी ते लोकांना बघायला मिळणार होतं.

"आजी, तिथून उडायची ना, तीच विमानं ठेवलीत. सगळी रिटायर्ड. आणि एका विमानात चक्क बसता येतं!"

आत्या ताक पीत होती. तिनं पेला खाली ठेवला.

"मला त्याला बघायचंय," ती म्हणाली.

"कुणाला?" मी विचारलं.

"विमानाला. सगळी नोकरी त्यानं माझ्या बोलण्यात तोंड घातलं, आणि मला ते कधी धड दिसलं नाही. खिडकीपाशी जाईपर्यंत गेलेलं असायचं."

मला हे खरं वाटेना. एवढी वर्षं डोक्यावरून गेलेली वस्तू तिनं पाहिलीच नव्हती? पण मग लक्षात आलं, वर्ग सोडून अंगणात धावणाऱ्यांतली ती नव्हती. पोरं धावली तर ती त्यांना परत आणून बसवायची.

पुढच्याच शनिवारी आम्ही तिघी निघालो. आत्यानं सकाळची वंदना आटोपून कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती, वर माझ्या लेकीची टोपी. ती तिला शोभत होती, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. पुलगेटपासून येरवड्यापर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं गेली. तेवढ्या वेळात आत्यानं रस्त्यावरच्या पाट्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मोजायला घेतल्या आणि विमाननगरपाशी नाद सोडला. तिची शाळा वाटेतच लागली. आता ती तीन मजली, स्लॅबची आहे. मी गाडी हळू केली. आत्यानं एकदा मान वळवून बघितलं आणि म्हणाली, "चल, उशीर होईल."

फाटकावर ओळखपत्रं दाखवायची होती. बंदूक घेतलेल्या तरुण जवानानं अदबीनं विचारलं, "माताजी, किस काम से आयी हैं?"

"शिकायत है," आत्या म्हणाली.

जवानाचा चेहरा बदलला. मी घाईघाईनं पुढं होऊन म्हटलं, "म्यूझियम, म्यूझियम देखना है." त्यानं आमच्या तिघींची ओळखपत्रं दोनदा तपासली.

हँगर आतून चांगला उंच होता. वर छपराच्या लोखंडी तुळयांवर पारवे बसलेले. तेलाचा आणि जुन्या रबराचा वास. भिंतीवर धावपट्टीचे जुने फोटो होते. त्यांत नुसतं माळरान, लांबवर टेकड्या, बैलगाड्या आणि मधेच तंबू ठोकलेले सैनिक. एका बाजूला इंजिन मधोमध कापून ठेवलं होतं, आतल्या पात्या दिसाव्यात म्हणून. आणि मधे, फरशीवर, दोरीच्या कुंपणात विमानं उभी होती.

आत्या पहिल्या विमानापाशी गेली. फ्रिज विकत घ्यायला गेलेल्या बाईसारखी तिनं त्याला एक चक्कर मारली. खालून वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून जरा खट्टू होऊन म्हणाली, "एवढंसंच?"

मलाही ते लहानच वाटलं. इवलंसं, रंग उडालेलं, पंखावर कबुतराचा ठिपका. आपल्याला आयुष्यभर जरब बसवणारे मुख्याध्यापक अचानक मंडईत पिशवी घेऊन दिसावेत, तसं आत्याला झालं असावं. तिनं विमानाच्या नाकाला हात लावायला बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. मग नजर शेजारच्या फलकावर गेली आणि तिचा मूड एकदम सुधारला.

"वैमानीक," ती मोठ्यानं वाचायला लागली. "नी दीर्घ! प्रशीक्षण. शी दीर्घ! आणि ऊड्डाण. अरे, उड्डाण करताना तरी उ ऱ्हस्व ठेवा!"

"बाई, फलकाला हात लावू नका," मागून कुणीतरी म्हणालं.

एक उंच, सडसडीत म्हातारे गृहस्थ उभे होते. पांढऱ्या शुभ्र मिशा, निळा कोट, छातीवर संग्रहालयाचा बिल्ला. हवाईदलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ शनिवारी येऊन लोकांना माहिती सांगायचे. बोलणं अस्सल पेठेतलं.

"हात लावत नाही. चूक दाखवतेय," आत्या म्हणाली.

"फलक दिल्लीहून आलेत."

"म्हणून चूक शुद्ध होत नाही."

ते मिशीत हसले. माझ्या लेकीनं भांडण टाळायला विचारलं, "सर, तुम्ही स्वतः हे विमान चालवलंय?"

"काय?" त्यांनी कान पुढं केला. त्यांच्या कानात यंत्र होतं.

"तुम्ही हे चालवलंय का, असं ती विचारतेय," आत्या म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे विमानाखाली तयार झालेल्या आवाजात. तो त्यांना पहिल्याच फटक्यात ऐकू गेला.

"तर! हेच. इथूनच. तरुणपणी सकाळ-संध्याकाळ."

आत्यानं चष्मा सारखा केला. मला पुढचं दिसायला लागलं होतं, पण मधे पडायला उशीर झाला होता.

"म्हणजे तुम्हीच ते," ती म्हणाली. "सकाळी शाळा भरली की निघायचात."

"सकाळी हवा चांगली असते."

"तेव्हा माझा कवितेचा तास असायचा."

"बाई, आपण वेळापत्रक कळवलं असतंत तर विचार केला असता," ते शांतपणे म्हणाले. मग काहीतरी डोक्यात येऊन त्यांनी विचारलं, "कुठली शाळा? धावपट्टीसमोरची? लांबट, पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात चिंच?"

"चिंच होती," आत्या म्हणाली. तिचा आवाज थोडा खाली आला.

"अहो, ती शाळा आमची खूण होती!" त्यांनी दोन्ही हात विमानासारखे धरले आणि उजवीकडे कलले. "परत येताना हवा धुरकट असायची, खाली सगळं एकसारखं दिसायचं. माळ, माळ आणि माळ. आणि मग तो पत्रा चमकायचा. वरून अगदी ताटासारखा. तो दिसला की आम्ही म्हणायचो, आलं घर. मग चाकं खाली."

आजूबाजूला कसलाही आवाज नव्हता, तरी आत्या थांबली होती. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मी तिला लहानपणापासून ओळखते. तिला सुचत नसलं की ती असं करते आणि हे फार क्वचित होतं.

"मधे एका वर्षी आम्ही छप्पर हिरवं रंगवून घेतलं होतं," अखेर ती म्हणाली. "ऊन कमी लागावं म्हणून."

"ते तुम्ही केलंत होय! तेव्हा आमच्यातली नवीन पोरं विचारायची, सर, शाळा कुठं गेली?"

"आम्हाला कुणी सांगितलं नाही, की तुम्ही बघताय."

"कसं सांगणार? आम्ही वर."

"खाली यायचं होतं."

"आता आलोय ना," ते म्हणाले.

यावर दोघंही हसली. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "बसून बघता का?"

बसायचं विमान पलीकडच्या कोपऱ्यात होतं. वरची काच काढून टाकलेली, बाजूला लोखंडी शिडी. खाली आईबाप आणि पोरं रांगेत उभी. मी म्हटलं, "आत्या, तुझे गुडघे." ती म्हणाली, "माझे आहेत, मला माहीत आहेत." विंग कमांडर पुढं, मी मागं, अशी आम्ही तिला वर चढवली. पाय आत टाकायला जरा वेळ लागला, मग ती हळूहळू खाली बसली आणि बसतच गेली. ती बैठक चांगली खोल असते. बाहेरून फक्त टोपी आणि चष्मा दिसायला लागला.

विंग कमांडरसाहेब तिला एकेक गोष्ट दाखवत होते. हा वळायचा दांडा, हा वेग वाढवायचा, ही उंचीची तबकडी, ही वेगाची.

"हॉर्न कुठाय?" तिनं विचारलं.

"हॉर्नची गरज पडायची नाही, बाई. आपल्याला ऐकू यायचंच की."

लेकीनं भरपूर फोटो काढले. मग मी म्हटलं, "चल, उतरू या." आत्यानं दोन्ही हात कडेला टेकले, जोर लावला आणि परत खाली बसली. पुन्हा जोर लावला. पाय पुढं लांब गेलेले, गुडघ्यांना वाकायला जागा नाही, रेटा द्यायला खाली काही नाही.

"निघत नाहीये," ती म्हणाली. घाबरून नव्हे, आकाशवाणीवरच्या निवेदिकेसारखं.

दोन जवान मदतीला आले, पण काखेत हात घालून ओढायचं म्हटल्यावर आत्यानं असं काही बघितलं की ते दोन पायऱ्या खाली उतरले. रांग वाढत चालली. काळा गॉगल लावलेल्या एका बाबांचा धीर सुटला.

"अहो, अजून किती वेळ?"

"आपल्याला विमान पकडायचंय का कुठलं?" वरून उत्तर आलं.

रांगेत हशा पिकला. बाबांनी गॉगल काढून पुसला. पोरं मात्र शिडीभोवती जमा झाली. एकीनं विचारलं, "आजी, तुम्ही पायलट आहात?"

"नाही. हे साहेब पायलट. ते वर होते, मी खाली होते." आणि तिथं बसल्या बसल्या आत्यानं शाळेची गोष्ट सांगायला सुरुवात केली. थरथरणारे पत्रे, नाचणारे खडू, ओठ हलवणारे तपासणी साहेब. रांगेतली मोठी माणसंही सरकत पुढं आली. विंग कमांडर जवानांना हळू आवाजात सांगत होते, "ऑफिसातल्या सगळ्या उशा घेऊन या. सोफ्याच्यासुद्धा."

गोष्ट ऐन रंगात आली असताना बाहेरून गुरगुर ऐकू आली. खोल बैठकीतून आत्याचा हात वर आला, तळवा समोर. पोरांनी त्या हाताकडे बघितलं आणि सगळी गप्प झाली. हँगरचं मोठं दार सताड उघडं होतं आणि पलीकडे धावपट्टी होती. एक लढाऊ विमान डावीकडून धावत आलं. छातीत ढोल वाजल्यासारखं झालं. पारवे उडाले. नाक उचललं, चाकं जमिनीवरून सुटली, मग ती पोटात गेली आणि बघता बघता ते टेकड्यांच्या वर चढलं. आत्या मान वळवून, टोपी मागं सारून, ते अगदी ठिपका होईपर्यंत बघत राहिली. हात तसाच वर.

"चाकं आत घेतं होय ते?" आवाज विरल्यावर ती म्हणाली. डोळे भरले होते, पण ते तिनं प्रखर उन्हावर ढकललं. मग मुलांकडे वळून, जिथं थांबली होती त्याच शब्दापासून गोष्ट पुढं चालू.

उशा आल्या. युक्ती साहेबांचीच होती. आत्यानं हातांवर जोर देऊन चार बोटं वर उठायचं, तेवढ्यात मी खाली एक उशी सरकवायची. मग तिनं दम घ्यायचा. मग दुसरी. खाली पोरं प्रत्येक उशीला टाळ्या वाजवत होती. आत्या हळूहळू वर येत गेली. आधी चष्मा, मग खांदे, मग साडीचा काठ. शेवटी ती विमानाच्या कडेच्या बरोबरीला, उशांच्या ढिगावर महाराणीसारखी बसली, पाय बाहेर टाकले आणि शिडी उतरली. गॉगलवाल्या बाबांनी खाली हात दिला. तिनं तो घेतला आणि "आभारी आहे" असं म्हटलंही.

परतताना गाडीत तिनं एकही पाटी वाचली नाही. मला वाटलं, दमली. येरवड्याच्या पुलावर म्हणाली, "त्यांनी मला बोलावलंय. शाळांच्या सहली येतात तेव्हा. वर काय व्हायचं ते ते सांगणार, खाली काय व्हायचं ते मी सांगायचं."

"मग?"

"मी म्हटलं, आधी फलक सुधारा, मग येते."

फलक सुधारले गेले. दिल्लीला काय कळवलं आणि कसं, ते मला माहीत नाही, पण महिन्याभरात वैमानिकाचा नि ऱ्हस्व झाला. आता एकाआड एक शनिवारी आत्या तिकडं असते आणि मी तिची ड्रायव्हर. दोघांचं भांडण दर वेळी नव्यानं जुंपतं. 'इजेक्शन सीट'ला मराठी शब्द हवा, असा आत्याचा हट्ट होता. विमान पडायला लागलं की वैमानिकाला बाहेर फेकणारी ती खुर्ची. बराच विचार करून तिनं 'आपत्कालीन उत्क्षेपण आसन' असा शब्द काढला.

"बाई, एवढं म्हणेपर्यंत माणूस खाली आदळेल," विंग कमांडर म्हणाले. फलकावर इजेक्शन सीटच राहिली. आत्याला हसू आलं होतं, पण ते तिनं त्यांची पाठ वळेपर्यंत दाबून ठेवलं.

गेल्या खेपेला मुलींची एक शाळा आली होती. आत्याचं बोलून झालं, साहेबांचं झालं. कुणाला काही विचारायचंय का, म्हटल्यावर मागची एक मुलगी उठली. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, मोजे घसरलेले.

"विमान मुली पण चालवतात ना?"

"चालवतात की," साहेब म्हणाले. "लढाऊसुद्धा. तुला चालवायचंय?"

"नाही. मला ते उघडायचंय. आत काय काय आहे ते बघायचंय."

साहेबांनी कानातलं यंत्र सारखं केलं, तिला घेऊन त्या मधोमध कापलेल्या इंजिनापाशी गेले आणि पहिल्या पातीपासून सुरू झाले. ती विचारत होती, ते सांगत होते. मग ती गुडघ्यांवर बसली, तेही मोठ्या कष्टानं तिच्याशेजारी बसले. बाहेर सहलीची बस हॉर्न वाजवत होती आणि मुलींच्या शिक्षिका घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होत्या. आत्यानं त्यांना आमच्या बाकावर जागा करून दिली, पर्समधून दाण्याची चिक्की काढली आणि म्हणाली, "बसा हो. एवढ्यात काही होत नाही त्यांचं."

आम्ही तिघी चिक्की खात बसलो.